प्लास्टर निघाल्यावर

गेल्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, माझी भाची वाशीममधल्या एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर पडली. सहावीतली पोर. पायात इनलाइन स्केट्स, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना पॅड. मनगटं मात्र उघडी. सर मुलांना गोल चकरा मारायला लावत होते, म्हणजे वेगाचं स्केटिंग शिकवत होते. ही एका कोपऱ्यात जाऊन उडी मारून हवेत गिरकी घ्यायला बघत होती, कारण तिनं फोनवर जपानचा फिगर स्केटर युझुरु हान्यू याला बर्फावर तसं करताना पाहिलं होतं. गिरकी अर्धीच झाली, तोल मागं गेला आणि तिनं पडणारं प्रत्येक माणूस करतं तेच केलं. हात टेकला.

आम्हा पालकांना आवाज आला नाही, तिचा चेहरा दिसला. जवळ गेलो तर उजवं मनगट उलट्या पळीच्या दांड्यासारखं वाकलेलं. घरी निरोप गेला तसे तिचे आजोबा फोनवर म्हणाले, "प्लास्टर-बिस्टर कायले करता? हाडवैद्याकडे न्या, एका झटक्यात बसवून देते तो."

मी ऐकलं नाही, त्याला कारण आहे. मी नऊ वर्षांचा असताना चिंचेच्या झाडावरून पडलो होतो. तेव्हा असाच एका झटक्यात बसवलेला माझा डावा कोपर आजही पूर्ण सरळ होत नाही. आम्ही थेट एक्स-रे काढायला गेलो. मनगटाच्या थोडं वर रेडियस हाड मोडलं होतं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. तिला इजा झाली तर हात आखूड किंवा वाकडा राहू शकतो. तिची कूर्चा थोडक्यात वाचली होती. भूल देऊन हाड बसवलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. दसऱ्यापर्यंत हात गळ्यात अडकवूनच राहणार हे ठरलं.

त्या सहा आठवड्यांत ती आणि मी रोज रात्री बर्फावरच्या स्केटिंगचे व्हिडिओ बघत बसलो. तिला गिरक्या बघायच्या होत्या. मला पडलेली माणसं बघायची होती, आणि ती पुढं किती दिवसांनी, कशी परत आली ते वाचायचं होतं.

आमच्या जिल्ह्यात बर्फ म्हणजे भुशात गुंडाळून आणलेली लादी. लग्नात किंवा रसवंतीवर दिसते तेवढीच. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो. देशातही बर्फाची मैदानं बोटांवर मोजण्याइतकी. सिमल्याचं उघडं मैदान १९२० पासूनचं, गुलमर्ग आहे, आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला बांधलेलं बंदिस्त मैदान, जे मधली अनेक वर्षं बंदच पडून होतं. त्यामुळे आपल्याकडची पोरं चाकांवरच शिकतात, आणि चाकांवरही त्यांनी काही कमी केलेलं नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुपकुमार यामानं कलात्मक रोलर स्केटिंगमध्ये एकेरीत ब्राँझ मिळवलं आणि अवनी पांचालबरोबर जोडीतही. २०२३ मध्ये हांगझूला पुरुषांच्या तीन हजार मीटर रिलेत ब्राँझ मिळालं, त्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे ही दोन मराठी नावं होती. चाकं असोत की पातं, शरीर तेच, आणि पडल्यावर मोडणारी हाडंही तीच.

बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये शरीरावर काय बेतत असेल याची मला कल्पना नव्हती. टीव्हीवर ते फुलपाखरासारखं दिसतं. पात्याची जाडी जेमतेम चार मिलिमीटर. चार गिरक्यांच्या उडीत खेळाडू हवेत पाऊण सेकंदही नसतो. उतरायचं ते एकाच पायावर, पाठमोरं, पात्याच्या बाहेरच्या कडेवर. त्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या पाच ते आठ पट भार येतो, असं या खेळाचे अभ्यासक सांगतात. पन्नास किलोच्या मुलीचा एक पाय तेवढ्या क्षणापुरता तुरीची पन्नास-पन्नास किलोंची पाच ते आठ पोती झेलतो म्हणा ना. बूट चामड्याचा, लाकडासारखा कडक. त्यात घोटा वाकत नाही. घोट्यानं जो धक्का शोषायचा तो वर सरकतो, आधी गुडघ्यात, मग खुब्यात, मग कमरेच्या मणक्यात. म्हणून या खेळातली सगळी दुखणी एका क्षणाच्या पडण्यातून येत नाहीत. रोज त्याच पायावर पन्नास-पन्नास वेळा उतरून नडगीला, पावलाला, मणक्याला केसाएवढी चीर पडते, आणि ती एक्स-रेमध्ये सुरुवातीला दिसतसुद्धा नाही. मुलगी म्हणते दुखतंय, आई-वडील म्हणतात नाटकं करते.

एलेना बेरेझनायाची गोष्ट मी भाचीला सांगितली तेव्हा तिनं व्हिडिओ थांबवला.

एलेना रशियातली. जानेवारी १९९६. लाटव्हियातल्या रिगा शहरात ती जोडीदार ओलेग श्ल्याखोव्हबरोबर सराव करत होती. दोघं शेजारी शेजारी एकच गिरकी घेत होते, एक पाय मागं आडवा ताणून. अंतर चुकलं. त्याच्या बुटाचं पातं तिच्या डोक्याला लागलं, कवटी फोडून आत गेलं. मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण वाचा गेली. अठरा वर्षांची मुलगी बोलायला पुन्हा पहिल्यापासून शिकू लागली.

त्या वेळी अँटॉन सिखारुलिद्झे नावाचा दुसरा एक स्केटर रिगाला तिच्याकडे धावून गेला आणि तिला सेंट पीटर्सबर्गला घेऊन आला. प्रशिक्षक तमारा मोस्कविना यांनी दोघांची जोडी बसवली. अवघ्या काही महिन्यांत ती बर्फावर होती. १९९८ मध्ये नागानो ऑलिम्पिकला त्या जोडीला रौप्य मिळालं, त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी जगज्जेतेपद, आणि २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत ऑलिम्पिकचं सुवर्ण.

भाचीनं विचारलं, "तिले भीती नाई वाटली?"

मला उत्तर देता आलं नाही. पण याच प्रश्नाला धरून दुसरी एक घटना सापडली. ऑक्टोबर २००४, अमेरिकेतलं पिट्सबर्ग. मॅक्सिम मारिनिननं जोडीदार तात्याना तोत्म्यानिनाला एका हातावर डोक्याच्या वर उचललं होतं. त्याचा तोल गेला आणि ती तेवढ्या उंचीवरून डोक्यावर आदळली, बेशुद्ध झाली. मेंदूला मार बसला होता. ती लवकर सावरली. सावरायला वेळ लागला तो मारिनिनला. ज्या हातानं तिला उचलायचं तोच हात कचरू लागला, मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी दोघं जगज्जेते झाले आणि २००६ ला तोरिनोत ऑलिम्पिक विजेते. पडली ती एक, आणि उपचार दोघांना लागले. आपल्याकडे दुखापत म्हटलं की हाड आणि स्नायू एवढंच कुणी विचारतं. मूल रात्री दचकून उठतं का, हे कोण विचारतो?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी प्लास्टर कापलं. आतून निघालेला हात बघून तिच्या आईला रडू आलं. डाव्या हाताच्या निम्मा जाड, कातडीचे पोपडे सुटलेले, कुबट वास येणारा. हाड जुळलं होतं, पण मनगट वळत नव्हतं. तळहात वर करून प्रसाद घेता येईना. आमचे नातलग म्हणाले, निघालं ना प्लास्टर, झालं की मग बरं. रोज कोमट तेलानं रगडा, होईल मोकळं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र रगडायला साफ मनाई केली आणि तिला कणिक मळायला सांगितलं.

आधी सैल, भिजलेली कणिक. बोटांनी नुसती दाबायची. आठवड्यानं पोळ्यांना लागते तेवढी घट्ट. मग पुऱ्यांची. रोज सकाळी ती ओट्यासमोर स्टुलावर उभी राहायची आणि डाव्या हातानं उजवा धरून मळायची. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत घामाघूम झाली. मग पाण्यात भिजवलेला पंचा पिळणं, दाराची मूठ फिरवणं, पितळी तांब्या पालथा-उताणा करणं. दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या तिनं एकटीनं फिरवला तेव्हा घरात सगळ्यांनी हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. फिजिओच्या फीपेक्षा आमचा जास्त खर्च पिठावर झाला असेल.

हे इतकं तपशिलानं लिहितो आहे कारण बरं होणं म्हणजे काय हे मला त्या परातीत कळलं. हाड जुळतं ते आपोआप, देह त्याचं काम करतो. त्यानंतरचं काम माणसाला करावं लागतं. रोज, थोडं थोडं, न चुकता. आपल्या गावांत नेमकं तेवढंच राहून जातं.

रिसोड तालुक्यातला एक कबड्डीपटू माझ्या ओळखीचा आहे. चढाईचा गडी. पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे सोळाशे मीटर धावायचा. एका गावजत्रेतल्या सामन्यात बचावपटूनं त्याचा घोटा धरला, पाऊल जागीच राहिलं आणि अंग वळलं. गुडघ्यातून "फट" झालं. सूज उतरली, तो चालू लागला, महिन्यानं पुन्हा खेळायला गेला. मला म्हणाला, "भाऊ, दुखत नाई, पण वळलो का गुडघा सटकते." गुडघ्याच्या आत दोन अस्थिबंध एकमेकांना छेदून जातात; त्यातला पुढचा तुटला की असंच होतं. त्यालाच डॉक्टर एसीएल म्हणतात. तो तुटला तर लेपानं जुळत नाही. आंबेहळद आणि रक्तबोळानं सूज ओसरते आणि नेमकी तीच फसगत होते, कारण सूज गेली की माणूस बरा झालो समजतो.

अकोल्याला त्याचं ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून आत नवा बंध बसवला. त्याला नऊ महिने सांगितले होते. पाचव्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आली आणि तो उतरला. सातव्या महिन्यात तोच गुडघा पुन्हा गेला. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळाडू जितका एकेक महिना जास्त थांबेल तितकं गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण दर महिन्याला निम्म्यावर येतं, असं त्यात दिसलं. या पोराला हे कुणी समजावून सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तरी तो थांबला असता का? वय उलटून जाईल, भरती निघून जाईल, ही टांगती तलवार डोक्यावर असताना?

जपानचा दाइसुके ताकाहाशी हा फिगर स्केटर थांबला. ऑक्टोबर २००८ मध्ये सरावात त्याचा उजव्या गुडघ्याचा हाच अस्थिबंध तुटला, कूर्चाही फाटली. ऑलिम्पिक सव्वा वर्षावर आलं होतं. त्यानं ऑपरेशन करून घेतलं आणि तो अख्खा मोसम सोडून दिला. एक स्पर्धा नाही. २००९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर परतला, फेब्रुवारी २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिम्पिकला ब्राँझ मिळवलं. एकेरीत पदक मिळवणारा तो पहिला जपानी पुरुष. पुढच्याच महिन्यात तोरिनोत जगज्जेता झाला. त्याच्यामागं डॉक्टर होते, संघटना होती, वर्षभर पोटाची चिंता नव्हती. आमच्या कबड्डीपटूमागं दोन एकर सोयाबीन होतं.

हाच फेरा २०२५ मध्ये आपल्या अविनाश साबळेवर आला. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा गडी. सियाचीनला पहारा देऊन आलेला फौजी, राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य, आशियाई सुवर्ण, तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. त्या जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. तपासणीत एसीएल आणि कूर्चा फाटल्याचं निघालं, शस्त्रक्रिया करावी लागली, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. त्याला पुन्हा त्याच पाण्यावरून, त्याच लाकडी अडथळ्यावर पाय ठेवून उडी मारायची आहे. ही पडती बाजू सावरायला लागेल तेवढा वेळ आपण प्रेक्षकांनी त्याला द्यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

हान्यूचं कौतुक मी करतो, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघायला सरावाच्या फेरीत तो चीनच्या हान यानवर वेगात आदळला. दोघंही बर्फावर कोसळले. डोक्याला पट्टी, हनुवटीला चिकटपट्टी लावून हान्यू तसाच स्पर्धेत उतरला, पाच वेळा पडला आणि दुसरा आला. तो व्हिडिओ आजही जिद्दीचा नमुना म्हणून फिरतो. माझ्या मते त्याला त्या दिवशी उतरू द्यायला नको होतं. डोक्यावर आदळलेल्या माणसानं त्याच दिवशी खेळायचं नसतं, मग तो कितीही मोठा असो. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओसाकाला उजवा घोटा दुखावल्यावर मात्र तो तीन महिने स्पर्धेपासून दूर राहिला आणि थेट फेब्रुवारीत प्योंगचांगला उतरून लागोपाठ दुसरं ऑलिम्पिक सुवर्ण घेऊन गेला. डिक बटननंतर, म्हणजे १९५२ नंतर, हे कुणा पुरुषाला जमलं नव्हतं. पोरांना दाखवायचाच असेल तर हा दुसरा हान्यू दाखवा. त्यातही वेदनाशामक गोळ्या होत्या, हे लपवू नका.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं २०२२ मध्ये वरिष्ठ गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्यानं सतरावर नेलं. कोवळ्या हाडांवर चार गिरक्यांचं ओझं टाकू नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे सहा-सात वर्षांच्या मुलांना तासन्‌तास स्केटिंग करायला लावून "विक्रम" नोंदवण्याचे कार्यक्रम होतात आणि पुढारी हार घालायला येतात. दहावीत खेळाच्या प्रमाणपत्रावर सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. या सवलती हव्याच, त्यांनी कितीक घरं उभी केली आहेत. पण त्याच प्रमाणपत्रासाठी अर्धवट जुळलेलं हाड घेऊन मूल मैदानात ढकललं जातं, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्या जुन्या लोकांनी पडण्याचा विचार आधी केला होता. कुस्तीच्या हौद्यातली माती खणून, चाळून, तिच्यात तेल, हळद, ताक घालून मऊ करतात. चितपट होणाऱ्याची पाठ त्या मातीनं झेलायची असते. १९१४ पासून अमरावतीत वैद्य बंधूंचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं आहे. आमच्या जिल्ह्यातल्या कारंज्याहून ते तासा-दीड तासावर. तिथं मल्लखांबावरची उडी शिकवताना खाली कुणीतरी हात धरून उभं असतं. आपण स्केटिंग आणलं, स्पर्धा आणल्या, आणि खाली अंथरलं ते सिमेंट.

भाची फेब्रुवारीत पुन्हा स्केट्स घालून उभी राहिली. पहिला आठवडा कठडा सोडला नाही. सरांनी तिला कठडा सोडायला सांगितलं नाही, पडायला सांगितलं. गादी टाकली. गुडघे वाकव, खाली बस, कुशीवर कलंड, मुठी बांधून छातीशी घे म्हणजे हातही टेकत नाही आणि दुसऱ्याची चाकं बोटांवरूनही जात नाहीत. दिवसाला वीस वेळा. बर्फावरही पहिला धडा हाच असतो, असं मी वाचलं. आता त्या वर्गातली तीसेक मुलं आधी पडायला शिकतात, आणि मनगटाला पट्टी असल्याशिवाय सर कुणाला मैदानात घेत नाहीत.

वाशीमला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. जिल्हा क्रीडा संकुल आहे. या दोन जागांमध्ये रिक्षाचं भाडं पडतं, तेवढंच अंतर. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक फिजिओथेरपिस्ट क्रीडा संकुलात बसला, तर मालेगाव, मंगरूळपीर, मानोऱ्याहून येणाऱ्या पोरांना "गुडघा सटकते" म्हणायला एक दार मिळेल. त्याला लागेल एक टेबल, एक पलंग, ताणायचे रबरी पट्टे आणि पंखा. माझी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना हात जोडून विनंती आहे की हे येत्या शालेय स्पर्धांच्या आधी करावं. टेबल आणि पलंग आम्ही पालक आणून देऊ.